रुमाल तुमच्याच पर्समध्ये आहे

ताई,

माझं वय ४३. सांगलीजवळच्या एका शाळेत मराठी शिकवते. म. आणि मी कॉलेजपासूनच्या मैत्रिणी. एकांकिका एकत्र केल्या, राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी एकत्र केल्या, रात्री स्टँडवर शेवटच्या एसटीची वाटही एकत्रच बघितली. लग्नानंतर मी थांबले, ती थांबली नाही. आधी पुणे, मग मुंबई, दोन मालिका, आता व्यावसायिक नाटकात मोठी भूमिका. तिच्या प्रत्येक फोटोला मी बदाम देते आणि फोन उशीखाली ढकलते.

चार महिन्यांपूर्वी एका दिग्दर्शकांचा फोन आला. आम्ही दोघींनी त्यांच्याकडे पूर्वी काम केलंय. नव्या नाटकासाठी ते म.चा विचार करत होते. ‘तू तिला जवळून ओळखतेस, आता कशी आहे गं कामाला?’ मी म्हणाले, ‘अभिनयाबद्दल प्रश्नच नाही सर. फक्त तारखांचं जरा आधी नीट बोलून घ्या.’ एवढंच. भूमिका दुसरीला गेली. पंधरा दिवसांनी म.चा फोन आला, रडत होती. ‘कुणी काही बोललं असेल का गं माझ्याबद्दल?’ मी म्हणाले, ‘मला काय माहीत.’

गेल्या महिन्यात आमच्या वाचनगटात शेक्सपिअरचं ‘ऑथेल्लो’ वाचलं. त्यातल्या कान भरणाऱ्या खलनायकाची, इयागोची वाक्यं माझ्या वाट्याला आली आणि मला घाम फुटला. मी इयागो आहे का? तसं बघितलं तर तिचा तारखांचा घोळ एकदा झाला होता, मी खोटं काही बोललेले नाही. तरी झोप लागत नाही. आता पुढच्या महिन्यात तिचा प्रयोग आमच्याकडे आहे. ‘पास ठेवते’ असा तिचा मेसेज आलाय, मी उत्तर दिलेलं नाही. ही मैत्री हळूहळू आपोआप संपू द्यावी असं वाटतं. कृपा करून ‘सकारात्मक राहा’ असं लिहू नका.

— क.

प्रिय क.,

‘सकारात्मक राहा’ असं मी आजवर कुणालाच लिहिलेलं नाही, तुमच्यापासून सुरुवात करायचं कारण नाही.

आधी माझी पात्रता सांगते, कारण या पत्रापुरती ती कामाची आहे. हौशी रंगभूमीवर मी अकरा वर्षं प्रॉपर्टी, म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तू, सांभाळली. तोंडाला रंग दोनदाच लावला, तोही दोन्ही वेळा दुसरीला ताप आला म्हणून. बाकी सगळा काळ विंगेत, एका पत्र्याच्या ट्रंकेशेजारी. त्या ट्रंकेत ‘ऑथेल्लो’चा रुमाल असायचा. मूळ नाटकात त्यावर स्ट्रॉबेरीचं भरतकाम आहे. आमचा रुमाल एका नटाच्या आजीनं भरून दिला होता. महाबळेश्वर इतकं जवळ, तरी आजींची स्ट्रॉबेरी मिरचीसारखीच झाली. प्रयोगानंतर एका प्रेक्षक बाईंनी विचारलंसुद्धा, ‘दृष्ट काढायच्या मिरच्या आहेत का त्या?’ दिग्दर्शक वैतागला. मला मात्र तो अर्थ इतका पटला की पुढे दुसरा रुमाल मिळाला तरी मी तोच वापरत राहिले.

प्रॉपर्टी सांभाळणाऱ्याला एक सवय लागते. नट काय बोलतोय याकडे त्याचं फारसं लक्ष नसतं, वस्तू आत्ता कुणाच्या हातात आहे याकडे असतं. माझ्या वहीत त्या रुमालाचा सगळा प्रवास लिहिलेला होता: डेस्डिमोना, जमीन, एमिलिया, इयागो, कॅसिओची खोली, बियांका. (डेस्डिमोना ही सेनापती ऑथेल्लोची बायको, रुमाल त्यानंच तिला दिलेला. तो कॅसिओ या अधिकाऱ्याकडे पोचवून इयागो ऑथेल्लोच्या मनात तिच्याबद्दल संशय पेरतो. बियांका ही कॅसिओची मैत्रीण.) तुमचं पत्रही मी त्याच नजरेनं वाचलं, आणि माझ्या मते तुम्ही स्वतःला चुकीचं पात्र दिलंय. त्याकडे येतेच.

मत्सर रंगमंचावर दाखवणं महाकठीण. राग आला की आवाज चढवता येतो, दुःखाला रडता येतं. मत्सर करणारा माणूस मात्र हसत असतो, पाठीवर थाप मारत असतो, बदाम देत असतो. म्हणून जुन्या नाटककारांनी त्याच्या हातात काहीतरी ठेवलं. कुठे रुमाल, कुठे पेला. भावना दिसत नाही, वस्तू शेवटच्या रांगेतूनही दिसते.

‘ऑथेल्लो’च्या प्रयोगाची पहिली नोंद १६०४ची, लंडनच्या राजदरबारातली. आपल्याकडे महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ साली ते मराठीत आणलं आणि १८९० साली गोविंद बल्लाळ देवलांनी त्याचा ‘झुंझारराव’ केला. पुढे याच देवलांनी ‘संशयकल्लोळ’ लिहिलं. तिथे रुमालाच्या जागी तसबीर आहे, आणि सगळ्याचं हसू होतं. तुम्ही सांगलीच्या, त्यामुळे हरिपूरच्या देवलांबद्दल मी तुम्हाला काय सांगावं! सांगायचं एवढंच की या दोन्ही नाटकांवर बोलताना लोक संशय आणि मत्सर यांची गल्लत करतात. ऑथेल्लोला आणि ‘संशयकल्लोळ’मधल्या फाल्गुनरावाला जे छळतं तो संशय. आपलं आहे ते जाईल, ही भीती. इयागोचं दुखणं निराळं आहे. दुसऱ्याचं आहे ते त्याला बघवत नाही.

बघवत नाही म्हणजे ते त्याला स्वतःला हवं असतं का? इथे जरा थांबा, कारण वाचनगटात ही जागा भर्रकन निघून जाते. पहिल्या प्रवेशात इयागोची तक्रार साधी, नोकरीतली आहे. उपसेनापतीचं पद कॅसिओला मिळालं, ज्यानं कधी रणांगणावर तुकडी उभी केली नाही. आपण अनुभवी, तरी खालीच राहिलो. कुठल्याही शाळेच्या स्टाफरूममध्ये ऐकू येईल अशी तक्रार. गंमत अशी की ते पद त्याला मिळतं. तिसऱ्या अंकातल्या त्या लांबलचक प्रवेशाच्या शेवटी ऑथेल्लो त्याला सांगतो, आता तू माझा उपसेनापती. तिथे नाटक संपायला हवं होतं. इयागो थांबत नाही. पाचव्या अंकात अंधाऱ्या रस्त्यावर कॅसिओचा काटा काढायला उभा असताना त्याच्या तोंडून खरं कारण निसटतं: त्या माणसाच्या जगण्यात रोजचं एक सौंदर्य आहे, त्याच्यापुढे मी कुरूप दिसतो.

‘रोजचं’ हा शब्द बघा. तुम्हाला म.च्या मालिकेचा हेवा वाटला, असं तुमच्या पत्रात कुठेच नाही. दोन मालिका तुम्ही दोन शब्दांत संपवल्यात. पैशाचा, गाडीचा उल्लेखही नाही. तुम्हाला फोन उशीखाली ढकलावा लागतो तो फोटो कसला असतो, ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण मी पैज लावते. तालमीचा. हातात गुंडाळलेली संहिता, केस कसेतरी वर बांधलेले, शेजारी चहाचे कागदी कप. भूमिका दुसरीला गेली तेव्हा तुम्हाला काही मिळालं का? पंधरा दिवस तरी बरं वाटलं का?

आता त्या वाक्याकडे. दुसऱ्या अंकात सायप्रसच्या पहाऱ्यावर इयागो कॅसिओला आग्रह करकरून दारू पाजतो. कॅसिओ झिंगून बाहेर पडतो आणि इयागो तिथल्या मोंटानो या अधिकाऱ्याला सांगतो, हा शिपाई सीझरच्या शेजारी उभा राहायच्या लायकीचा आहे. पण त्याची ती खोड बघा. मोंटानो म्हणतो, हे सेनापतीच्या कानावर घालायला हवं. इयागो म्हणतो, छे, मी नाही घालणार, कॅसिओ मला फार प्रिय आहे. दारू यानंच पाजलेली! प्रेक्षकांत या जागी कुणीतरी हमखास हसायचं आणि लगेच गप्प व्हायचं.

आधी स्तुती, मग ‘पण’. तुमचं ‘फक्त’ त्याच घराण्यातलं आहे.

याला आपल्याकडे फार जुना आणि नेमका शब्द आहे: असूया. हेवा, मत्सर, जळफळाट हे सगळं आपण एकाच खुंटीला टांगतो, अमरकोश हा जुना संस्कृत शब्दकोश तसं करत नाही. ‘असूया तु दोषारोपो गुणेष्वपि’. गुण समोर दिसत असतानाही दोष चिकटवणं, ती असूया. नाट्यशास्त्राच्या सातव्या अध्यायात भरतानं नटाला असूयेचा अभिनय कसा करायचा ते सांगितलंय. चारचौघांत दोष सांगणं, गुणांना कमीपणा आणणं, मान खाली घालणं, भुवई आक्रसणं. फोनवर तुमची भुवई कुणाला दिसली नसेल, बाकीची यादी पूर्ण होती.

त्याच ग्रंथातली आणखी एक गोष्ट तुमच्या झोपेसाठी सांगते. असूया तिथे ३३ व्यभिचारी भावांत मोजली आहे, ज्यांना संचारीही म्हणतात. येणारे, फिरणारे, जाणारे. आठ स्थायीभावांत तिला जागा नाही. म्हणजे भरताच्या हिशेबात असूया घरात राहायला येत नाही, पाहुणी येते. तिला जेवायला किती दिवस वाढायचं ते घरच्यांनी ठरवायचं. तुम्ही चार महिने वाढताय.

‘मी खोटं काही बोललेले नाही’ या तुमच्या वाक्यावर मला सगळ्यात जास्त राग आला. पत्रातलं तेवढंच एक वाक्य मला लबाड वाटलं. तारखांचा घोळ एकदा झाला होता, असं तुम्हीच लिहिताय. एकदा झालेल्या घोळाची तुम्ही सवय करून दिलीत आणि वर तिला प्रामाणिकपणाचा रंग लावलात. रशियन कवी पुश्किनचं एक छोटंसं पद्यनाटक आहे, १८३० सालचं, ‘मोझार्ट आणि सालिएरी’, दोन संगीतकार मित्रांवरचं. दोनच प्रवेश, अर्ध्यापाऊण तासात संपतं. त्यात सालिएरी हेच करतो, फक्त जास्त भारदस्त भाषेत. मोझार्टनं असंच लिहीत राहावं हे संगीताच्याच भल्याचं नाही, त्याच्यामागे कुणाला त्या उंचीवर जाता येणार नाही, तेव्हा त्याला थांबवणं हे मला नेमून दिलेलं काम आहे, असं तो स्वतःला पटवतो. हेव्याचं कर्तव्य झालं की हात थरथरत नाही. १८ वर्षं जवळ बाळगलेलं विष, तेही एका प्रेयसीनं दिलेली शेवटची भेटवस्तू, तो मित्राच्या पेल्यात टाकतो. प्रेमाची ठेव आज मैत्रीच्या पेल्यात जाऊ दे, असं म्हणून टाकतो. मोझार्ट तो पेला उचलतो आणि आपल्या दोघांच्या स्नेहासाठी म्हणून पितो.

या सालिएरीचं एक बोलणं तुमच्या कामाचं आहे. तो सांगतो की मी आयुष्यात कधी हेवा केला नव्हता. ग्लुकसारखा मोठा संगीतकार आला तेव्हा आपलं सगळं शिकलेलं सोडून त्याच्यामागे मुकाट गेलो. पिच्चिनी या दुसऱ्या संगीतकारानं पॅरिस जिंकलं तेव्हाही काही वाटलं नाही. त्याला टोचतो तो हा, जो दार ढकलून आत येतो, बाहेर भेटलेल्या आंधळ्या व्हायोलिनवाल्याला सोबत आणतो आणि त्यानं आपलीच चाल बेसूर वाजवलेली ऐकून खो खो हसतो. ज्याच्याबरोबर आपण जेवतो, तो. मुंबईच्या मोठमोठ्या नट्यांचे फोटो तुम्ही शांतपणे बघत असाल. त्यांच्याबरोबर तुम्ही शेवटच्या एसटीची वाट बघितलेली नसते.

आणि जाता जाता: खऱ्या सालिएरीनं यातलं काहीही केल्याचा पुरावा नाही. १७९१च्या ऑक्टोबरमध्ये मोझार्ट त्याला स्वतः आपला ‘मॅजिक फ्लूट’ हा ऑपेरा बघायला घेऊन गेला होता, आणि सालिएरीनं पहिल्या सुरापासून शेवटच्या समूहगीतापर्यंत कशी मनापासून दाद दिली ते मोझार्टनं बायकोला पत्रात कळवलंय. मोझार्ट गेल्यावर त्याच्या धाकट्या मुलाला याच सालिएरीनं संगीत शिकवलं. पण कुणीतरी कुठेतरी काहीतरी बोललं, ते पसरलं, पुश्किनच्या हाती लागलं, पुढे आणखी नाटकं, चित्रपट, आणि आज २०० वर्षांनीही सालिएरी म्हटलं की लोकांना विष आठवतं. नाट्यक्षेत्र तर फारच लहान गाव. ‘तिच्या तारखांचं जरा बघा’ हे वाक्य एका दिग्दर्शकापाशी थांबलं असेल, असं तुम्हाला खरंच वाटतं?

आता तुमचा प्रश्न. तुम्ही इयागो आहात का?

नाही. इयागो शेवटी काय करतो ते आठवा. सगळं उघड झाल्यावर त्याला विचारतात, का केलंस? तो म्हणतो, मला काही विचारू नका, तुम्हाला जे कळलंय ते कळलंय, यापुढे मी एक शब्द बोलणार नाही. आणि खरोखर बोलत नाही. तुम्ही मला दोन पानं लिहिलीत, अनोळखी बाईला, न विचारता.

तुमची भूमिका एमिलियाची आहे. वाचनगटात ती बहुतेक उरलेल्या कुणाला तरी देतात, म्हणून तिच्याकडे लक्ष जात नाही. एमिलिया म्हणजे इयागोची बायको आणि डेस्डिमोनाची सखी. रुमाल खाली पडतो तो तिला मिळतो. नवऱ्यानं शंभरदा मागितलेला असतो, म्हणून ती तो त्याला देते. तो त्याचं काय करणार हे तिला ठाऊक नसतं. भरतकामाचा नमुना उतरवून घ्यावा, असं तिच्या मनात असतं, इतकी साधी गोष्ट. इथवर मी तिला माफ करते, तुम्हालाही. फोन अचानक आला, मनात साचलेलं होतं, तोंडातून निसटलं.

पण पुढच्याच प्रवेशात डेस्डिमोना तिला सरळ विचारते, एमिलिया, तो रुमाल मी कुठे गं हरवला असेन? आणि एमिलिया म्हणते, मला नाही माहीत, बाईसाहेब.

विंगेतून हे वाक्य मी कितीतरी वेळा ऐकलं. ट्रंकेचं झाकण हातात धरून दर वेळी मला ओरडून सांगावंसं वाटायचं. लगेच ऑथेल्लो येतो आणि रुमाल मागतो. पुन्हा मागतो. पुन्हा मागतो. तो आपल्या आईचा आहे, त्यात जादू आहे, तो हरवला तर सर्वनाश होईल, असं सांगतो. एमिलिया तिथेच उभी असते. सगळं बघते आणि गप्प राहते. त्या क्षणी तिनं ‘अहो, तो मला सापडला, मी नवऱ्याकडे दिलाय’ एवढं म्हटलं असतं तर नाटक तिसऱ्या अंकात मिटलं असतं. ती हे वाक्य बोलते, पण पाचव्या अंकात. डेस्डिमोना तोपर्यंत मेलेली असते. नवऱ्याची तलवार समोर असताना एमिलिया बोलते, गप्प बस म्हटलं तरी बसत नाही, आणि त्यासाठी जीव देते. धाडसाला तोड नाही. उशिराला मात्र इलाज नाही.

तुम्ही ‘फक्त’ म्हणालात ते मत्सरानं. ‘मला काय माहीत’ म्हणालात ते भीतीनं. झोप उडाली आहे ती दुसऱ्या वाक्यानं, असा माझा अंदाज आहे.

यावर तुमचं मन म्हणेल, पण माझ्या मनात असूया होती म्हणूनच मी गप्प बसले, आधी ती जायला हवी. तसं नसतं. ‘शाकुंतल’ बघा. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ते गाण्यांत आणलं तेव्हापासून मराठी माणसाला ते आपल्या घरातलं वाटतं. शकुंतलेच्या दोन सख्या, त्यातल्या एकीचं नावच अनसूया. जिच्यात असूया नाही ती. एकीला राजा भेटतो, दुसरी झाडांना पाणी घालायला आश्रमात राहते, आणि कालिदास तिलाच हे नाव देतो. मुद्दाम असो वा नसो, मला ते नाव दर वेळी थांबवतं. चौथ्या अंकात शकुंतला सासरी जाणार ही बातमी आल्यावर अनसूया म्हणते की मला आनंद झालाय, पण ती आजच चालली म्हणून त्या आनंदात हुरहुर मिसळली आहे. निर्भेळ आनंद झाला, असं तीसुद्धा म्हणत नाही. मग ती सांगते की आंब्याच्या फांदीला टांगलेल्या नारळाच्या करंडीत बकुळीची माळ आहे, ती काढ. याच दिवसासाठी तिनं ती आधीपासून ठेवलेली असते. टिकाऊ म्हणून बकुळीची. सुकली तरी वास जात नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

पण याच दोघी सख्या दुर्वासाच्या शापाचं शकुंतलेला सांगत नाहीत. नाजूक आहे, मोगऱ्याच्या वेलीवर कुणी उकळतं पाणी ओततं का, म्हणून. निघताना एवढंच सांगतात, राजानं ओळखलं नाही तर अंगठी दाखव. ती घाबरते, तर म्हणतात, काही नाही गं, माया असली की उगाच वाईट मनात येतं. अंगठी वाटेत पाण्यात पडते आणि शकुंतला भर दरबारात उभी राहते, आपल्याला का ओळखत नाहीत हे न कळता. या दोघींच्या मनात असूयेचा कण नव्हता. तरी त्यांच्या गप्प बसण्यानं व्हायचं ते झालंच. तेव्हा मन आधी स्वच्छ होऊ दे, मग बोलते, असं म्हणून वाट बघू नका. म.ला तुमच्या मनाच्या स्वच्छतेशी आत्ता काही देणंघेणं नाही. आपली भूमिका का गेली हे तिला कळत नाहीये. कदाचित ती स्वतःच्या अभिनयात खोट शोधत बसली असेल.

काय करायचं ते सांगते.

पहिला फोन दिग्दर्शकांना. म.च्या आधी. कारण तिला सांगाल तेव्हा दुरुस्ती होऊन गेलेली असावी, आश्वासन नको. म्हणा, ‘सर, त्या दिवशी मी म.च्या तारखांबद्दल बोलले ते चूक होतं. तसा प्रसंग एकदाच झाला होता, त्यावरून मी असं बोलायला नको होतं.’ कदाचित ते म्हणतील, अगं, त्यामुळे नाही, तिला घेतलं नाही त्याचं कारण वेगळंच होतं. तसं असेल तर बरं, पण तुमचं पुढचं काम त्यानं टळत नाही. का बोललीस असं त्यांनी विचारलं तर ‘हेवा वाटला’ म्हणा. नाटकवाल्या माणसाला हा शब्द नवा नाही.

मग म. तिला मेसेज करू नका, आवाज रेकॉर्ड करून तर मुळीच पाठवू नका. भेटून सांगा, आणि प्रयोगाच्या दिवशी नको. मेकअपच्या आधी कुणाला असलं काही ऐकवायचं नसतं, आणि प्रयोगानंतर भोवती माणसं असतात. त्याआधी एक रविवार काढा, मुंबईला जा. पोचल्यावर आधी वाक्य सांगा, जसं बोललात तसं, ‘फक्त’सकट. मग सांगा की तू विचारलंस तेव्हा मला माहीत होतं. मग सांगा की दिग्दर्शकांना मी फोन केलाय. इथे थांबा. लग्न, नोकरी, राहून गेलेलं नाटक, रात्रीची जागरणं हे सगळं त्यापुढे जोडायचा मोह होईल. तिनं विचारलं तरच सांगा. नाहीतर दहा मिनिटांत तीच तुमची समजूत काढायला लागेल, आणि तिच्या वाट्याचा राग तिला मिळणारच नाही.

ती चिडेल. कदाचित उठून जाईल, पास ठेवणार नाही, वर्षभर बोलणार नाही, किंवा कधीच बोलणार नाही. तो तिचा हक्क आहे. ‘मैत्री हळूहळू आपोआप संपू द्यावी’ हे तुमचं मला म्हणूनच पटलं नाही. आपोआप काही संपत नसतं. तुम्ही ती संपवणार आणि तिला कळूही देणार नाही की का संपली. रुमालासारखंच झालं ते.

तिच्या फोटोंचं म्हणाल तर काही दिवस ते दिसणार नाहीत अशी सोय फोनमध्ये असते, ती खुशाल वापरा. त्यात कोतेपणा नाही. बदाम मात्र बंद करा. खोटा बदाम देण्यापेक्षा काहीच न दिलेलं बरं.

उरला तालमीचा फोटो. मी पैज हरले असेन तर हा परिच्छेद सोडून द्या. जिंकले असेन तर तुम्हाला मुंबई नकोच आहे, तुम्हाला संध्याकाळी सात वाजता कुठल्यातरी शाळेच्या वर्गात बाकं सरकवून केलेली तालीम हवी आहे. सांगलीत ती मिळत नाही, असं मला कुणी सांगू नये. वाचनगटातल्या लोकांना उभं करा. ‘ऑथेल्लो’च करा वाटल्यास. एमिलिया तुम्ही करा. आणि ते ‘मला नाही माहीत’ कसं म्हणायचं, हे दिग्दर्शकानं तुम्हाला शिकवायची गरज पडणार नाही.

रुमाल लागला तर कळवा. ट्रंक आता माझ्या माळ्यावर आहे, मिरच्यांचा रंग थोडा उडालाय, बाकी ठीक आहे.

आणि दिग्दर्शकांना फोन सकाळी अकराच्या आधी करू नका. उठलेले नसतात.